दासीची बाजू यायला वीस वर्षं

सिंड्रेला, स्नो व्हाइट आणि झोपलेली राजकन्या या तिघींना डिस्नेने असं काही पक्कं करून ठेवलंय की त्यांची कथा कोणी कितीही नव्याने सांगितली तरी वाचणाऱ्याला आधी ते कार्टूनच दिसतं. काचेचा बूट आला की पुढचं सगळं पाठ. म्हणूनच की काय, गेल्या वीसेक वर्षांत परीकथांवरून किशोरांसाठी ज्या अद्भुत कादंबऱ्या इंग्रजीत झाल्या, त्यातल्या मला धरून ठेवणाऱ्या बहुतेक आडवाटेच्या कथांवरच्या आहेत. त्यातही एका कथेकडे लेखिका पुन्हा पुन्हा वळल्या. ग्रिम बंधूंची ही 89 क्रमांकाची गोष्ट. आपण तिला ‘हंस राखणारी’ म्हणू.

ग्रिमांना ती डोरोथेया फीमान नावाच्या बाईने सांगितली. फीमान म्हणजे खाणावळवाल्याची लेक आणि शिंप्याची बायको. कासेल शहरात भाजीपाला विकायला यायची आणि येताना गोष्टी आणायची. 1815 सालच्या दुसऱ्या खंडात ही कथा छापली गेली. एक राजकन्या दूरदेशी लग्नाला निघते. सोबत एक दासी आणि फालादा नावाचा बोलणारा घोडा. आईने रक्ताचे तीन थेंब पाडलेला रुमाल पदरी बांधून दिलेला असतो. वाटेत राजकन्येला तहान लागते, ती सोन्याच्या पेल्यात पाणी मागते. दासी म्हणते, तहान लागली असेल तर स्वतः उतर आणि पी, मी काही तुझी मोलकरीण व्हायची नाही. पाणी पिताना रुमाल ओढ्यात वाहून जातो आणि राजकन्येचं बळच सरतं. दासी कपडे बदलून घेते, घोडा बदलून घेते आणि वर शपथ घालते की हे कोणाला सांगायचं नाही. परक्या राज्यात दासी राजवधू होते, राजकन्या हंस राखायला जाते. फालादाचं मुंडकं छाटून वेशीवर खिळतात. तरी ते बोलत राहतं. शेवटी राजकन्या आपलं दुःख एका लोखंडी शेगडीला सांगते, म्हातारा राजा धुरांड्याच्या नळीतून ते ऐकतो आणि दासीला तिच्याच तोंडून शिक्षा वदवून घेतो. खिळे ठोकलेल्या पिंपात घालून घोड्यांकरवी फरफटवायचं. तसंच करतात.

लहानपणी ही गोष्ट वाचताना मी निमूटपणे राजकन्येच्या बाजूने होते. कतारमध्ये, दोह्याच्या अल हिलाल भागात राहायला आल्यावर ती वेगळी दिसायला लागली. आमचा भाग सी रिंग आणि डी रिंग रोडच्या मधला, जुन्या विमानतळाच्या शेजारचा. 2014 साली हमद विमानतळ सुरू होईपर्यंत विमानं डोक्यावरून जायची आणि सोसायटीतली पोरं शेपटावरच्या रंगावरून कुठलं ते ओळखायची. इथे प्रत्येकच घर कुठून तरी आलेलं. आपल्या गावी कोणी तरी असलेली माणसं इथे व्हिसावर लिहिलेल्या हुद्द्याने ओळखली जातात. कागद दुसऱ्याच्या हाती गेले की तुम्ही कोण, हे सिद्ध करणं अवघड. पासपोर्ट मालकाने ठेवून घ्यायला कायद्याने 2009 मध्ये मनाई केली, तरी तसं घडल्याच्या हकिगती नंतरही कानावर यायच्याच. दूरदेशी जाऊन नाव, कपडे, घोडा सगळं गमावलेली मुलगी ही इथल्या कुणाही पोराला परीकथा कमी आणि शेजारची बातमी जास्त वाटावी.

अमेरिकन लेखिका शॅनन हेलची ‘द गूज गर्ल’ 2003 साली आली. आमच्या घरी ती बऱ्याच उशिरा, लेकीच्या दप्तरातून आली. हेलने राजकन्येला, म्हणजे आनीला, पक्ष्यांशी आणि वाऱ्याशी बोलायची कला दिली. सेलिया या दासीला माणसांना बोलून वळवायची कला दिली. ही योजना फारच हुशारीची आहे, कारण मूळ कथेत एक मोठं भोक आहे. सगळा दरबार एका मोलकरणीला राजकन्या म्हणून मानतो, ते का? हेलचं उत्तर असं की सेलियाला बोलता येतं आणि आनीला येत नाही. मात्र मला सगळ्यात आवडला तो मधला भाग. आनी राजधानीच्या तटालगतच्या कामगारवस्तीत राहते. तिथे जंगलपट्टीतून पोटापाण्यासाठी आलेली पोरं जनावरं राखतात. शहरात राबतात, पण त्यांना भाला आणि ढाल देत नाहीत. ती मिळाल्याशिवाय त्या राज्यात तुम्ही नागरिक नाही. अल हिलालमधल्या वाचणाऱ्याला याचं स्पष्टीकरण द्यावं लागत नाही. हेलने त्या जगात पुढे ‘एना बर्निंग’ (2004), ‘रिव्हर सीक्रेट्स’ (2006) आणि ‘फॉरेस्ट बॉर्न’ (2009) अशा आणखी तीन कादंबऱ्या लिहिल्या. पहिलीची सर नंतर कुणाला आली नाही, असं माझं मत आहे. सेलिया मात्र शेवटपर्यंत नुसती दुष्टच राहिली. ती अशी का झाली, हे विचारायची वेळ अजून आली नव्हती.

(एक गंमत जाता जाता. अरबी गोष्टी मराठीत आणल्या त्या कृष्णशास्त्री आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या घराने, एकोणिसाव्या शतकात, पुण्यात बसून. आणि आमची मुलं अरबस्तानात बसून जर्मन गोष्ट अमेरिकन इंग्रजीत वाचतात. इथल्या कतारी आज्यांची स्वतःची गोष्ट आहे हमदा आणि फिसैकराची. सावत्र आईने छळलेल्या मुलीला एक छोटा मासा मदत करतो. ती इथल्या भारतीय मुलांपर्यंत क्वचितच पोचते.)

इंतिसार खनानीची ‘थॉर्न’ आधी 2012 मध्ये तिने स्वतःच छापली आणि 2020 मध्ये मोठ्या प्रकाशनाने नव्या रूपात काढली. खनानी पाकिस्तानी वंशाची अमेरिकन. तिची अलिरा घरी भावाचा मार खाऊन मोठी झालेली आहे, त्यामुळे जादूने शरीरच अदलाबदल झालं आणि हंस राखायची पाळी आली, तेव्हा तिला सुटल्यासारखं वाटतं. राजकन्यापण परत नकोच, ही या कथेला मिळालेली पहिली मोठी कलाटणी. परक्या राज्याची भाषा ती तबेल्यातल्या नोकरांकडून शिकते आणि मग रस्त्यावरून पळवल्या जाणाऱ्या मुलांची भानगड तिच्या कानी येते. मधली शंभरेक पानं रेंगाळतात, हे खरं. पण न्याय राजवाड्यात मागायचा की रस्त्यावर, हा प्रश्न तिने जितका धसाला लावला तितका हेलने लावला नव्हता.

याच सुमारास बाहेरही काही हलत होतं. कतारने 2017 साली घरकाम करणाऱ्यांसाठी पहिल्यांदा स्वतंत्र कायदा केला. दिवसाला जास्तीत जास्त 10 तास, आठवड्याला एक सुट्टी. 2020 मध्ये नोकरी बदलायला आधीच्या मालकाच्या ना-हरकतीची अट गेली. कायद्याचा आणि कादंबरीचा संबंध लावायचा माझा विचार नाही. पण आमच्या इमारतीत याच वर्षांत बायकांच्या गप्पांमध्ये कामवालीचा विषय ‘कशी मिळते’ वरून ‘तिला सुट्टी कधी देता’ वर आला. काहींच्या घरी तेही नाही.

आणि 2021 मध्ये मार्गारेट ओवेनची ‘लिटल थीव्हज’ आली. इथे कथा सांगते ती दासीच. व्हान्या. तेरावी मुलगी म्हणून आईने अपशकुनी ठरवलेली, मृत्यू आणि भाग्य या दोन देवींच्या पदरी टाकलेली, मग राजकन्या गिझेलची दासी झालेली. तिच्या पाठीवर चाबकाचे वळ आहेत, न केलेल्या चोरीचे. मंतरलेल्या मोत्यांची माळ गळ्यात घालून ती गिझेलचं रूप घेते, तिचं घर घेते आणि सरदारांच्या घरचे दागिने पळवायला लागते. एका शापाने तिच्याच अंगावर रत्नं उगवायला लागतात. हाव सोडली नाही तर ती सगळीच दगड होणार. ओवेनने व्हान्याला धुतल्या तांदळासारखं केलं नाही. तिने गिझेलचं खरोखर वाटोळं केलंय आणि पुस्तक ते कबूल करतं. तरीही ‘मी काही तुझी मोलकरीण व्हायची नाही’ हे ग्रिमांनी उद्धटपणाचा नमुना म्हणून लिहिलेलं वाक्य दोनशे वर्षांनी इथे पहिल्यांदा माणसाचं वाक्य वाटतं. या सगळ्यांतली मला सर्वांत आवडलेली कादंबरी हीच. लेकीला हेल जास्त आवडते, कारण हेलमध्ये वारा आहे.

टी. किंगफिशरची ‘अ सॉर्सरेस कम्स टू कॉल’ (2024) किशोरांची नव्हे, मोठ्यांची. तीत फालादा घोडा राजकन्येचा सोबती नाही, जुलमी आईचा हेर आहे. कथेत उलटायला जे उरलं होतं तेही तिने उलटलं.

आपल्याकडे अशी सामग्री नाही असं नाही. मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांची मुलगी मेरी हिने 1868 साली ‘ओल्ड डेक्कन डेज’ नावाचं पुस्तक छापलं. त्यातल्या गोष्टी तिला अ‍ॅना लिबेराता डिसूझा या आयाने दख्खनच्या दौऱ्यात सांगितलेल्या. त्यात सोदेवाबाई आहे. तिचा जीव गळ्यातल्या सोन्याच्या हारात असतो, तिचा जोडा डोंगरावरून घसरतो आणि त्यावरून राजपुत्र तिला शोधून काढतो. सवत एका म्हाताऱ्या दासीकरवी तो हार पळवते. सवतीने हार दिवसा घातला की सोदेवाबाई मरते, रात्री उतरवला की जिवंत होते. जोड्याची गोष्ट जगाला ठाऊक आहे, हाराची कोणाला नाही. हार पळवणाऱ्या त्या दासीला पुस्तकात नावसुद्धा नाही.

मेरी फ्रिअरने पुस्तकाच्या सुरुवातीला अ‍ॅनाची स्वतःची हकिगतही छापली. नवरा गेला, मुलं वाढवायला ती नोकरीला लागली, एक मुलगा बुडून गेला. गोष्टी तिच्या आजीच्या. ती सांगते ती साहेबाच्या पोरीला, कामाच्या मधल्या वेळात. सोदेवाबाईची कादंबरी कोणी मराठीत लिहायला घेतली, तर राजवाड्यापासून सुरुवात न करता दौऱ्यावरच्या तंबूपासून करावी, आणि हार चोरणाऱ्या बाईला पहिल्याच पानावर एक नाव द्यावं.