काका किती वाजता पोचतील?

2024 च्या जानेवारीत, एका शुक्रवारी पहाटे आमचे आजोबा गेले. न्यू जर्सीच्या काकांना फोन केला, तर ते एवढंच म्हणाले, "मी येईपर्यंत थांबा." त्यांना शुक्रवारी रात्री 9 चं न्यूयॉर्क-मुंबई थेट विमान मिळालं. प्रवास साडेचौदा तासांचा. आत्याने बोटांवर हिशेब केला आणि नातेवाइकांना कळवायला सुरुवात केली: शनिवारी सकाळी साडेअकराला मुंबई, दुपारी अंत्ययात्रा.

आजीला ते पटेना. मला म्हणाली, "तू इंजिनिअर होणार ना रे? नीट बघून सांग."

मी वही घेतली आणि घोळ लक्षात आला. आत्याचे साडेअकरा न्यूयॉर्कच्या घड्याळातले होते! हिवाळ्यात आपण त्यांच्या साडेदहा तास पुढे. म्हणजे मुंबईत शनिवारी रात्रीचे 10. पुढे इमिग्रेशन, सामान, सहार ते पनवेल... मध्यरात्रच. आत्याने पुन्हा सगळ्यांना फोन केले. अंत्यविधी रविवारी सकाळी झाला, काकांच्या हातून.

तेराव्यानंतर काका परत निघाले तेव्हा आजीने विचारलं, "आता किती तास?" मी म्हटलं, सोळाच्या आसपास. "येताना साडेचौदा, जाताना सोळा? रस्ता तोच ना?"

व्हायवाला सुद्धा इतका अडकलो नव्हतो मी!

मित्रांनो, भिंतीवरच्या नकाशात मुंबई-न्यूयॉर्क सरळ रेघ ओढली, तर त्या वाटेने अंतर भरतं सुमारे 14,200 किमी. पण पृथ्वी गोल आहे. दोन्ही शहरांचे अक्षांश-रेखांश गोलीय त्रिकोणमितीच्या फॉर्म्युल्यात घाला (कॅल्क्युलेटर डिग्री मोडवर आहे ना, ते आधी बघा!). पृथ्वीच्या केंद्राशी कोन येतो 112.7 अंश. एका अंशाला 111.2 किमी धरले की अंतर 12,530 किमी. हीच सर्वांत जवळची वाट, आणि ती मुंबईहून पश्चिमेला नाही, जवळजवळ उत्तरेलाच निघते आणि 65 अक्षांशापर्यंत चढते. चुलतबहिणीच्या पृथ्वीगोलावर आजीच्या वातीच्या सुताचा दोरा ताणून मी हे दाखवलं. तिला पटलं.

राहिला वेळ. ताशी 900 किमीने जवळजवळ 14 तास लागावेत. पण 9 ते 12 किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीम नावाचा जोरदार वारा वाहतो. येताना तो पाठीशी, जाताना तोंडावर. सरासरी 50 किमीचा वारा धरला, तर येताना वेग 950 आणि जाताना 850, म्हणजे 13.2 आणि 14.7 तास. दीड तासाचा फरक इथेच पडला. वर धावपट्टीपर्यंतची रांग, चढणं-उतरणं, आणि वाऱ्यासाठी किंवा बंद हवाई हद्दीमुळे घेतलेला वळसा. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांना हद्द बंद केली, तेव्हा असेच वळसे वाढले.

आजीने ते पान मागून घेतलं. फोनच्या डायरीत ठेवलंय. खाली तिच्यासाठी मोठ्या अक्षरांत लिहिलंय: हिवाळ्यात साडेदहा मिळव, उन्हाळ्यात साडेनऊ.