खडकावर अडकलेली युद्धनौका

काही युद्धनौका दूरच्या महासागरांत संचार करतात, तर काही केवळ स्वदेशाच्या किनाऱ्याचे रक्षण करण्यासाठी बांधलेल्या असतात. अशी किनारा-रक्षक नौका म्हणजे जणू पाण्यावरचा हलता बुरूजच! आकार लहान, पण तोफा मोठ्या. रशियाची ‘जनरल-अ‍ॅडमिरल अप्राक्सिन’ ही अशीच नौका होती. १८९६ साली सेंट पीटर्सबर्ग येथे तिचे जलावतरण झाले. तिच्यावर दहा इंची तीन तोफा होत्या.

नोव्हेंबर १८९९ मध्ये फिनलंडच्या आखातात हिमवादळात सापडून ती होगलंड बेटाजवळच्या खडकावर चढून बसली. आखाताचे पाणी गोठू लागले. नौका सोडवायची, तर बेटाशी सतत संदेशांची देवघेव हवी. परंतु तेथवर तारायंत्र पोहोचलेले नव्हते. तेव्हा अलेक्सांद्र पपोव्ह या शास्त्रज्ञाचे बिनतारी संदेशयंत्र उपयोगात आणण्याचे ठरले. एक केंद्र बेटावर आणि दुसरे सुमारे ४५ किलोमीटर दूर, कोटका गावाजवळच्या किनाऱ्यावर उभारण्यात आले.

फेब्रुवारी १९०० मध्ये संदेश पोहोचू लागले. त्या आरंभीच्या संदेशांतील एक तर नौकेविषयी नव्हताच. बर्फाचा तुकडा तुटून त्यावरील कोळी समुद्रात वाहून गेले होते; त्यांना वाचवावे, अशी ‘येर्माक’ या बर्फ फोडणाऱ्या जहाजास आज्ञा होती. येर्माक तत्काळ निघाले आणि कोळ्यांचे प्राण वाचले. एप्रिलमध्ये त्याच जहाजाने अप्राक्सिनलाही खडकावरून सोडविले. तोवर बेटावरील केंद्राने ४४० संदेशांची ने-आण केली होती.

पुढे रशिया-जपान युद्धात, किनाऱ्यासाठी बांधलेल्या या नौकेस अर्ध्या जगाचा वळसा घालून त्सुशिमाच्या लढाईस जावे लागले. २८ मे १९०५ रोजी शत्रूने चोहोंकडून वेढले असता सेनापती नेबोगातोव्ह यांनी तिच्यासह चार नौका जपानच्या स्वाधीन केल्या. जपानने तिचे नाव ‘ओकिनोशिमा’ ठेवले. त्याच दिवशी तिच्यासारखीच बांधलेली ‘अ‍ॅडमिरल उशाकोव्ह’ ही नौका मात्र शरण न जाता लढत लढत बुडाली. खलाशांचे प्राण व्यर्थ जाऊ नयेत म्हणून आपण शरण गेलो, असे नेबोगातोव्ह यांचे म्हणणे होते. तरी रशियातील न्यायालयाने त्यांस दोषी ठरविले.

शौर्याचा मान उशाकोव्हला मिळाला, आणि तो योग्यच होय. परंतु अप्राक्सिनच्या तोफांना जे साधले नाही, ते तिच्यावर ओढवलेल्या संकटाने साधले. वादळात व हिमात सापडलेल्या माणसाची हाक तारेवाचूनही दूरवर पोहोचविता येते आणि त्याचे प्राण वाचविता येतात, हे तिच्यामुळे दिसून आले.