मुंबईच्या कबड्डीतील संघबदल आणि स्थानिक खेळाडूंची जडणघडण

मुंबईच्या कबड्डीतील संघबदल म्हणजे खेळाडूने वस्तीतील मंडळाकडून नोकरी देणाऱ्या आस्थापनेच्या संघात, तेथून प्रो कबड्डी लीगमधील व्यावसायिक संघात आणि पुढे एका व्यावसायिक संघाकडून दुसऱ्या संघात जाण्याची प्रक्रिया होय. दादर, प्रभादेवी, परळ, लालबाग व वरळी हा गिरणगावाचा पट्टा अनेक दशके या खेळाचे आगर राहिला आहे. २०१४ मध्ये लिलावाची पद्धत आल्यानंतर संघबदलाला प्रथमच उघड किंमत मिळाली. मात्र खेळाडू घडवणाऱ्या मंडळांचे स्थान या व्यवहारात कोठे आहे, हा प्रश्न त्यामुळे अधिक ठळक झाला.

== पार्श्वभूमी ==

महाराष्ट्रात हा खेळ पूर्वी हुतुतू या नावाने ओळखला जाई. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने त्याची प्रात्यक्षिके केली, तर १९९० मध्ये बीजिंग येथील आशियाई क्रीडास्पर्धांत कबड्डीचा पदकांसाठीच्या खेळांत समावेश झाला. मुंबईत खेळाची वाढ झाली ती चाळींच्या अंगणांत आणि गिरण्यांच्या आसपासच्या मैदानांवर. थोडी मोकळी जागा आणि दोन्ही बाजूंना सात-सात गडी एवढ्यावर सामना होत असल्यामुळे कामगार वस्तीला तो परवडणारा होता. दादरचे विजय क्लब व अमरहिंद मंडळ यांसारख्या संस्थांनी या भागातील खेळाडूंच्या पिढ्या घडवल्या. परळचे लाल मैदान आणि ना. म. जोशी मार्गावरील श्रमिक जिमखाना येथील सामन्यांना आजही जाणकार प्रेक्षक लाभतो. चढाईपटूने बोनस रेषा ओलांडली की नाही यावर पंचांच्या आधी प्रेक्षकांतच वाद सुरू होतो, असा या मैदानांचा लौकिक आहे.

== मंडळाकडून नोकरीकडे ==

लीग सुरू होण्यापूर्वी संघबदलाचे मुख्य कारण नोकरी हे होते. रेल्वे, बँका, तेलकंपन्या, विमानकंपन्या आणि महिंद्रासारखे उद्योगसमूह खेळाडूंना क्रीडा कोट्यातून किंवा करारावर सामावून घेत. त्यामुळे महाराष्ट्रातील स्पर्धांमध्ये ‘स्थानिक’ आणि ‘व्यावसायिक’ असे स्वतंत्र गट रूढ झाले. येथे ‘व्यावसायिक’ म्हणजे पैशासाठी खेळणारा असा अर्थ नसून आस्थापनेचा संघ असा आहे.

या पद्धतीत मंडळाला आर्थिक मोबदला मिळत नसे, परंतु खेळाडू शहरातच राहत असल्याने त्याचे मंडळाशी असलेले नाते टिकून राही. राष्ट्रीय स्तरावर मात्र चित्र वेगळे होते. राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेत भारतीय रेल्वे आणि सेनादल हे स्वतंत्र संघ म्हणून उतरत असल्यामुळे रेल्वेत नोकरी मिळालेला खेळाडू अनेकदा आपल्याच राज्याविरुद्ध खेळतो. लोअर परळमध्ये वाढलेली सोनाली शिंगटे हे याचे ठळक उदाहरण आहे. परळच्या महर्षी दयानंद महाविद्यालयात शिकत असताना ती शिवशक्ती महिला संघातून पुढे आली आणि नंतर पश्चिम रेल्वेत रुजू झाली. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत रौप्यपदक आणि २०२३ मध्ये हांगचौ येथे सुवर्णपदक मिळवणाऱ्या भारतीय संघांत तिचा समावेश होता. महिला खेळाडूंसाठी नोकरीचा हा मार्ग अद्याप प्रमुख आहे. लीगने २०१६ मध्ये महिलांसाठी तीन संघांची छोटी स्पर्धा घेतली होती, पण ती पुढे नियमित झाली नाही.

१९८२ च्या गिरणी संपानंतर या पट्ट्याचा आर्थिक कणा मोडला. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील नियम ५८ नुसार गिरण्यांच्या जमिनीचा एक तृतीयांश भाग मोकळ्या जागांसाठी मिळणे अपेक्षित होते. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ रिकाम्या जमिनीपुरती मर्यादित केली आणि मैदानांसाठी मिळू शकणारी जागा बरीच आक्रसली. मंडळांच्या सरावाच्या अडचणींचा विचार या निर्णयाला वगळून करता येत नाही.

== लिलावाची पद्धत ==

प्रो कबड्डी लीगचा पहिला सामना २६ जुलै २०१४ रोजी वरळीच्या एनएससीआय संकुलात यू मुंबा आणि जयपूर पिंक पँथर्स यांच्यात झाला. त्यापूर्वी मे महिन्यात झालेल्या लिलावात राकेश कुमारला पाटणा पायरेट्सने १२.८० लाख रुपयांना घेतले. ती त्या वर्षीची सर्वोच्च बोली होती. २०२३ मध्ये पवन सेहरावतसाठी तेलुगू टायटन्सने २.६०५ कोटी रुपये मोजले.

लिलावात खेळाडूंची आधारभूत किमतीनुसार गटवारी होते आणि प्रत्येक संघाला ठरावीक खर्चमर्यादा असते. ही मर्यादा दहाव्या हंगामापासून ५ कोटी रुपये आहे. लिलावाआधी संघ काही खेळाडू कायम ठेवू शकतो. सोडलेल्या खेळाडूवर अन्य संघाने लावलेली अंतिम बोली तेवढीच रक्कम देऊन स्वीकारण्याचा मर्यादित हक्कही जुन्या संघाला असतो. मुंबईचा रिशांक देवाडिगा याची कारकीर्द येथे उद्बोधक आहे. यू मुंबाकडून नाव कमावलेला हा चढाईपटू २०१७ मध्ये यूपी योद्धाकडे गेला आणि २०१८ मध्ये त्याच संघाने हा हक्क वापरून १.११ कोटी रुपयांना त्याला राखले. त्याच वर्षी जानेवारीत त्याच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने हैदराबाद येथे सेनादलाला हरवून राष्ट्रीय अजिंक्यपद जिंकले होते.

या पद्धतीचा फुटबॉलमधील संघबदलाशी घोटाळा होऊ नये. फुटबॉलमध्ये करारबद्ध खेळाडू घेताना नवा क्लब जुन्या क्लबला रक्कम देतो. आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमानुसार तिच्यातील ५ टक्के वाटा खेळाडूला वयाच्या १२ ते २३ वर्षांच्या काळात घडवणाऱ्या क्लबांना जातो. अमेरिकेच्या मेजर लीग सॉकरने असा मोबदला मागण्याचा निर्णय २०१९ मध्ये घेतला. स्वतःच्या प्रबोधिनीतील खेळाडूंना थेट करारबद्ध करण्याची सवलत तिच्या संघांना त्याआधीपासून आहे. कबड्डीच्या लिलावातील बोली हे खेळाडूचे मानधन असते. ते ना जुन्या संघाला मिळते, ना त्याच्या मूळ मंडळाला. खेळाडूच्या दृष्टीने हे न्याय्यच आहे, पण दहा वर्षे त्याला मैदान, प्रशिक्षक आणि सामने पुरवणाऱ्या संस्थेच्या हाती त्यातून काही येत नाही.

== नवोदित खेळाडू ==

लिलावाबाहेर तरुण खेळाडूंना तुलनेने कमी, निश्चित मानधनावर करारबद्ध करता यावे यासाठी ‘नवे युवा खेळाडू’ हा गट आहे. २०१७ पासून लीगने देशभर निवड चाचण्याही घेतल्या. खर्चमर्यादेमुळे स्वस्तात घडवलेला खेळाडू संघाला विकत घेतलेल्या ताऱ्याइतकाच मोलाचा ठरतो. दहाव्या हंगामाचे विजेतेपद मिळवणारा पुणेरी पलटण संघ याचे चांगले उदाहरण आहे: तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यातील कर्णधार अस्लम इनामदार याच मार्गाने आला होता, आणि त्याच्या जोडीला इराणचा मोहम्मदरेझा चियाने २.३५ कोटींना घेतलेला होता. मुंबईच्या पंकज मोहितेने २०१९ मध्ये लीगमध्ये पदार्पण केले तेही पुण्याकडूनच.

यू मुंबाची वाटचाल उलट दिशेने झाली. २०१५ चे विजेतेपद संघाने हरियाणाच्या अनुप कुमारच्या नेतृत्वाखाली मिळवले. २०१८ मध्ये ३६.४ लाखांना घेतलेला चंदगड तालुक्यातील सिद्धार्थ देसाई एका हंगामात २०० हून अधिक चढाई-गुण मिळवून चमकला. पुढच्याच वर्षी तेलुगू टायटन्सने त्याला १.४५ कोटींना नेले.

मंडळांपुढील आणखी एक अडचण पृष्ठभागाची आहे. लीगचे सामने मॅटवर बुटांसह होतात, तर वस्तीतील सराव अनेक ठिकाणी अजून मातीवर आणि अनवाणी चालतो. मॅटवर पाय रोवणे, घसरणे व उडी घेणे यांचे तंत्र बदलते. त्यामुळे मातीवर तयार झालेल्या मुलाला निवड चाचणीत पहिले काही दिवस जुळवून घेण्यातच जातात.