डोंगरातला गोरिला की दलदलीतला?

गोरिला पाहायला जायचं म्हटलं की पहिला विषय पैशांचा निघतो. निघायलाच हवा. रवांडात एका माणसाच्या परमिटला १५०० डॉलर पडतात. २०१७ पर्यंत ७५० होते, सरकारने एका फटक्यात दुप्पट केले. शेजारी युगांडात जुलै २०२४ पासून ८०० डॉलर. दोन्हीकडे पदरात पडतं ते एकच: जास्तीत जास्त आठ पर्यटक, एक गोरिला कुटुंब आणि घड्याळ लावून एक तास. गोरिलाही त्याच जातीचा, पहाडी.

रवांडाचे जादा पैसे जातात ते सोयीसाठी. किगाली विमानतळावरून किनिगी, म्हणजे गोरिलांकडे निघायचं ठिकाण, अडीच-तीन तासांवर, रस्ता चांगला. युगांडात एंटेबीला उतरलात तर ब्विंडीच्या जंगलापर्यंत आठ-दहा तास हाडं खिळखिळी होतात. यावर सरळ तोडगा आहे: उतरायचं किगालीला, पण सीमा ओलांडून ब्विंडीच्या दक्षिण अंगाच्या रुशागाला जायचं. केनिया, युगांडा आणि रवांडा या तिन्ही देशांचा मिळून १०० डॉलरचा एकच व्हिसा मिळतो. पीतज्वराच्या लशीचं कार्ड मात्र जपून ठेवावं, परतताना भारतातही ते मागतात. पंधरा वर्षांखालच्या मुलांना प्रवेश नाही, तेव्हा नातवंडांना घेऊन जायचा बेत असेल तर तो आधीच रद्द करा.

इथवर हिशेब झाला. पण निवड करायची ती देशाची नाही, सवयीची. रानातला गोरिला माणूस दिसला की पळतो, नाहीतर अंगावर येतो. तो आपल्यासमोर निवांत पाला खात बसावा यासाठी माणसं दोन-तीन वर्षं रोज त्याच्या मागे जातात, लांब बसतात, त्याच्या धमक्या सोसतात आणि रोज थोडं अंतर कमी करतात. परमिटाच्या तासात आपण या मेहनतीचं फळ चाखतो. आजही दिवसाची सुरुवात तशीच होते. सकाळी ट्रॅकर पुढे निघतात, काल कुटुंब जिथे सोडलं तिथून माग काढत रात्रीच्या घरट्यांपर्यंत पोचतात. गोरिला रोज रात्री फांद्या दडपून नवं घरटं करतो. घरटी आणि त्यातली विष्ठा पाहिली की कोण कोण होतं याचा अंदाज येतो. मग वायरलेसवर गाइडला निरोप जातो. जवळ पोचल्यावर गाइड घशातून दोनदा खाकरल्यासारखा खोल आवाज काढतो. गोरिला आपसांत चरताना हाच आवाज काढतात: सगळं ठीक आहे.

गोरिला-संशोधक डायन फॉसीने १९६७ साली रवांडात कारिसोके हे संशोधन केंद्र थाटलं, पण पर्यटक तिला नकोसे होते. १९७९ साली बिल वेबर आणि एमी व्हेडर या संवर्धकांनी उलट बाजू लावून धरली: गोरिलामुळे देशाला पैसा मिळाला तरच जंगल वाचेल. तेव्हा रवांडाच्या सीमेवरच्या विरुंगा डोंगरांत जेमतेम अडीचशे गोरिला उरले होते. अलीकडच्या मोजणीत तिथे ६०४ आणि ब्विंडीच्या भागात ४५९ भरले. निकाल वेबर-व्हेडर यांच्या बाजूने लागला म्हणायला हरकत नाही. मात्र त्याची किंमत सगळ्यांनी सारखी मोजली नाही. ब्विंडी १९९१ साली राष्ट्रीय उद्यान झालं आणि तिथल्या बाट्वा लोकांना जंगलाबाहेर काढलं गेलं.

किंमत गोरिलालाही आहे. १९९६ साली ब्विंडीतल्या एका कुटुंबात खरूज पसरली आणि एक पिल्लू दगावलं. तरुण पशुवैद्य ग्लॅडिस कालेमा-झिकुसोका यांचा संशय गेला गावातल्या मळक्या कपड्यांवर, बुजगावण्यांना घातलेल्यासुद्धा. आपली साधी सर्दीही गोरिलाला महागात पडू शकते, म्हणून मास्क आणि मधलं अंतर. म्हणूनच रुशागाचा चार तासांचा प्रकार मला खटकतो. १८०० डॉलर भरून चारच जणांनी, अजून माणसाळत असलेल्या कुटुंबामागे फिरायचं. हौशी लोक त्याच्यावर फिदा आहेत. पण ज्यांची शिकवणी अजून पुरी झालेली नाही त्यांच्यात चौपट वेळ अनोळखी माणसं कशाला सोडायची, याचं पटणारं उत्तर माझ्या वाचनात आलेलं नाही.

काँगोच्या विरुंगा उद्यानाचं परमिट सर्वांत स्वस्त होतं, ४०० डॉलर. पण एम२३ बंडखोरांनी जानेवारी २०२५ मध्ये उद्यानाजवळचं गोमा शहर घेतलं आणि उद्यानाच्या दोनशेहून अधिक रक्षकांनी आजवर जीव गमावला आहे. तो विषय तूर्त मिटवावा.

उरला पश्चिमेकडचा सखल रानातला गोरिला. प्राणिसंग्रहालयांत दिसतो तो जवळजवळ नेहमी हाच. रानात त्यांची संख्या लाखांत, तरीही पाहायला जास्त अवघड. डोंगरातला गोरिला पाल्यावर जगतो, त्यामुळे थोड्याच टापूत फिरतो. हा फळांमागे लांबवर हिंडतो आणि दाट झुडपात दहा पावलांवरही दिसत नाही. त्याला सवय लावायला कितीतरी जास्त वर्षं जातात. मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकात झांगा-सांगा इथे बआका जमातीचे ट्रॅकर जिभेने टकटक आवाज करत चालतात, म्हणजे आलेली माणसं ओळखीची आहेत हे गोरिलाला कळतं. संख्या मोठी म्हणून धोका टळलेला नाही. काँगो-ब्राझाव्हिलमध्ये ओझाला उद्यानाजवळच्या लोसीत मागदा बेर्मेहो यांनी अभ्यासलेली कुटुंबं २००२-०३ च्या इबोलात जवळजवळ पुसली गेली. त्या परिसरात सुमारे ५००० गोरिला मेले असावेत, असा त्यांचा अंदाज.

काँगो-ब्राझाव्हिलच्याच उत्तरेला नुआबाले-न्डोकी उद्यानात म्बेली बाई आहे. बाई म्हणजे जंगलाच्या मधोमध दलदलीचं उघडं मैदान. कडेला लाकडी मचाण, आणि तिथून १९९५ पासून संशोधक गोरिलांची नोंद ठेवत आले आहेत. गोरिला पाणवनस्पती खायला दलदलीत उतरतात. नाकावरच्या सुरकुत्यांवरून एकेकाची ओळख पटते. कोणाला सवय लावायची नाही, कोणामागे जायचं नाही. ते आले तर दिसतील, आणि दिसतील तेही दुर्बिणीतून. सगळ्या प्रकारांत मला हाच मानाचा वाटतो, गोरिलाच्याही आणि आपल्याही.

पण सल्ला विचाराल तर बहुतेकांना मी ब्विंडीचा साधा एक तासच सुचवेन. म्बेलीला पोचणं खर्चिक आणि किचकट, शिवाय सगळा दिवस रिकाम्या दलदलीकडे बघत जाऊ शकतो. ताडोब्यात वाघ दिसला नाही म्हणून गाइडशी हुज्जत घालणाऱ्यांनी तर त्या वाटेला जाऊच नये.