मोठ्या आतड्याचा कर्करोग आणि माहितीची पारख

मोठे आतडे प्रौढ माणसात साधारण दीड मीटर लांब असते. लहान आतड्यातून आलेल्या पातळ अवशेषांतले पाणी शोषून घेणे आणि उरलेला मळ बाहेर टाकेपर्यंत साठवून ठेवणे, हे त्याचे मुख्य काम. त्याच्या आतल्या अस्तरातील बहुतेक पेशी जेमतेम चार-पाच दिवस जगतात. जुन्या गळून पडतात आणि तळाच्या मूळपेशींपासून तयार झालेल्या नव्या पेशी वर सरकतात. आयुष्यभर इतक्या वेळा पेशी विभागल्या जात असताना जनुकांची नक्कल करण्यात कुठेतरी चूक राहतेच. बहुतेक चुका पेशीबरोबरच गळून जातात. मूळपेशीत झालेली चूक मात्र टिकू शकते.

अशा चुकांची साखळी 1990 मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील एरिक फिअरन आणि बर्ट व्होगेलस्टाइन यांनी मांडली. बहुतेकदा सुरुवात होते ती एपीसी या जनुकापासून. ते निकामी झाले की पेशींच्या वाढीवरचा लगाम सुटतो आणि अस्तरावर छोटी गाठ उगवते. तिला पॉलिप म्हणतात. पुढे केआरएएस, पी53 अशा आणखी जनुकांत बिघाड साचत गेला, तर तिचा कर्करोग होतो. बहुतेक पॉलिप त्या टोकाला जात नाहीत. जे जातात त्यांना सहसा दहा वर्षे किंवा त्याहून अधिक काळ लागतो.

फार थोड्या कर्करोगांत माणसाला इतका अवधी मिळतो. 1969 मध्ये न्यूयॉर्कच्या बेथ इस्रायल रुग्णालयात विल्यम वुल्फ आणि मूळचे जपानी शल्यचिकित्सक हिरोमी शिन्या यांनी कोलोनोस्कोपीच्या लवचीक नळीतून तारेचा फास सरकवून पॉलिप कापून काढायला सुरुवात केली. त्याआधी त्यासाठी पोट उघडावे लागे. म्हणजे ही तपासणी रोग शोधतेच, शिवाय तो होण्याआधीच त्याचे मूळ काढूनही टाकते.

लक्षणे आतड्याच्या कोणत्या भागात गाठ आहे त्यावर ठरतात. उजवा भाग रुंद असतो आणि तिथला मळ पातळ असतो, त्यामुळे तिथली गाठ बरीच वाढेपर्यंत अडथळा होत नाही. ती थोडे थोडे रक्त गाळत राहते आणि ते डोळ्यांना दिसतही नाही. दिसतो तो थकवा, धाप आणि कमी झालेले हिमोग्लोबिन. पुरुषांत किंवा पाळी थांबलेल्या स्त्रियांत लोहाच्या कमतरतेचा अॅनिमिया आढळला, तर केवळ लोहाच्या गोळ्या देऊन भागत नाही, रक्त जाते कुठे हे शोधावे लागते. डाव्या बाजूला गाठ असेल तर शौचाच्या सवयी बदलतात: कधी बद्धकोष्ठ, कधी जुलाब, पोटात मुरडा. गुदाशयात असेल तर शौचावाटे रक्त पडते आणि जाऊन आल्यावरही पोट साफ झाल्यासारखे वाटत नाही.

आपल्याकडे सगळ्यात जास्त वेळ वाया जातो तो इथेच. शौचावाटे रक्त म्हणजे मूळव्याध, असे निदान घरातच होऊन जाते. मूळव्याध खरोखरच फार सर्वसाधारण आहे, त्यामुळे हा अंदाज बहुतेकदा बरोबरही निघतो; पण तो कधी चुकला हे तपासल्याशिवाय कळत नाही. शिवाय एकाच माणसाला दोन्ही असू शकतात. भारतीय रुग्णांत गुदाशयाच्या कर्करोगाचे प्रमाण मोठे आहे, आणि यांतल्या बऱ्याच गाठी डॉक्टरांनी हातमोजा घालून बोटाने केलेल्या दोन मिनिटांच्या तपासणीत हाताला लागतात. संकोचापायी नेमकी तीच टाळली जाते. वय कमी म्हणून निर्धास्त राहण्यातही अर्थ नाही: पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत भारतात हा रोग अधिक तरुण वयात आढळतो.

लक्षणे नसलेल्यांच्या चाळणी तपासणीचा सर्वांत भक्कम आरंभीचा पुरावा अमेरिकेतील मिनेसोटा येथून आला. सुमारे 46,000 लोकांवरील या अभ्यासाचे निष्कर्ष 1993 मध्ये प्रसिद्ध झाले. मळातील न दिसणाऱ्या रक्ताची तपासणी दरवर्षी करून घेणाऱ्यांत या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले होते. इंग्लंडमध्ये आज अशा तपासणीची डबी सरकारी आरोग्यसेवा घरपोच पाठवते. अमेरिकेत चाळणीचे वय 2021 मध्ये 50 वरून 45 वर आणले गेले. भारताच्या राष्ट्रीय कार्यक्रमात मुख, स्तन आणि गर्भाशयमुख या तीनच कर्करोगांची चाळणी आहे, कारण आतड्याच्या कर्करोगाचे येथील प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा बरेच कमी आहे. म्हणून परदेशी शिफारस जशीच्या तशी इथे लावता येत नाही.

अपवाद आहे तो घराण्यात रोग असलेल्यांचा. 1895 मध्ये अमेरिकेतील अॅन आर्बर येथे एका शिवणकाम करणाऱ्या स्त्रीने डॉक्टर आल्ड्रेड वॉर्थिन यांना सांगितले, की आपल्या घरातली माणसे आतड्याच्या किंवा गर्भाशयाच्या कर्करोगाने तरुणपणी जातात, आपणही तशाच जाऊ. तसेच झाले. वॉर्थिन यांनी त्या कुटुंबाचा इतिहास 1913 मध्ये प्रसिद्ध केला. पुढे हेन्री लिंच यांनी अशा घराण्यांचा पाठपुरावा केला आणि या आनुवंशिक विकाराला लिंच सिंड्रोम हे नाव मिळाले. आई-वडील किंवा भावंडांपैकी कोणाला हा कर्करोग झाला असेल, तर तपासणी सहसा चाळिशीत किंवा त्या नातेवाइकाच्या निदानाच्या वयाच्या दहा वर्षे आधी सुरू करतात. ‘आजोबा पोटाच्या दुखण्याने गेले’ एवढ्यावर कुटुंबाची आठवण थांबते, तिथे डॉक्टरांना हा हिशेब मांडता येत नाही.

माहिती भरपूर आहे, पण ती वाचायची कशी हा खरा प्रश्न. 2015 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने सॉसेज, बेकनसारखे प्रक्रिया केलेले मांस तंबाखूच्याच गटात टाकले, तेव्हा दोन्ही सारखेच घातक अशा बातम्या झळकल्या. तो गट पुराव्याची खात्री सांगतो, धोक्याचे आकारमान नव्हे. रोज 50 ग्रॅम असे मांस खाल्ल्यास धोका 18 टक्क्यांनी वाढतो, याचा अर्थ जिथे आयुष्यभरात शंभरातल्या पाच जणांना हा रोग होतो तिथे सुमारे सहा जणांना होईल. रोज सॉसेज न खाणाऱ्या मराठी घरांत लठ्ठपणा, बैठे काम, दारू आणि धूम्रपान यांची चर्चा अधिक कामाची.

आरोग्य तपासणीच्या पॅकेजमध्ये सीईए ही रक्तचाचणी हमखास दिसते. ती निदान झालेल्या रुग्णावर लक्ष ठेवण्यासाठी उपयोगी आहे. सुरुवातीच्या कर्करोगात ती बहुधा सामान्यच येते, आणि धूम्रपान करणाऱ्यात कर्करोग नसतानाही वाढलेली असू शकते. चाळणीसाठी ती नाही. ‘हमखास बरा करू’ अशी जाहिरात ओळखायला तर वैद्यकीय ज्ञानही लागत नाही: 1954 च्या जादुई उपायविरोधी कायद्याने कर्करोग बरा करण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातींना मनाई आहे.

भारतीय आकडे हवे असतील तर ते कर्करोग नोंदणी केंद्रांचे घ्यावेत. देशातले पहिले केंद्र इंडियन कॅन्सर सोसायटीने 1963 मध्ये मुंबईत सुरू केले. बार्शीचे ग्रामीण केंद्र 1987 मधले. उपचारांच्या मार्गदर्शक सूचना टाटा स्मारक केंद्राच्या पुढाकाराने चालणारी नॅशनल कॅन्सर ग्रिड प्रसिद्ध करते. जगण्याच्या टक्केवारीबाबत एक गोष्ट ध्यानात घ्यावी: पाच वर्षांचा आकडा किमान पाच वर्षांपूर्वी उपचार झालेल्यांचा असतो, आणि तो टप्प्यानुसार टोकाचा बदलतो. अमेरिकी नोंदींत आतड्यापुरत्या मर्यादित रोगात तो नव्वद टक्क्यांच्या आसपास आहे, दूरवर पसरलेल्या रोगात पंधराच्या. त्यामुळे टप्पा न सांगता दिलेली टक्केवारी निरुपयोगी. दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यायचे असेल, तर अहवालाच्या कागदांबरोबर बायोप्सीच्या काचपट्ट्या आणि मेणाचे ठोकळेही मागून न्यावेत. मोठी केंद्रे ते स्वतः पुन्हा तपासतात.