जुने उपाय (११) : पोटरीतला गोळा आणि लोणच्याचा खार

निर्गुडीच्या शेकावर या आठवड्यात लिहायचं ठरलं होतं, पण निर्गुडी आणखी आठ दिवस थांबू शकते. सोलापूरहून एका वाचक बाईंचं पत्र आलंय, आणि ते वाचल्यापासून दुसरं काही सुचत नाही. त्या लिहितात, ‘माझ्या सासूबाईंना रात्री पोटरीत गोळा यायचा. मग त्या लंगडत स्वयंपाकघरात जायच्या, लिंबाच्या लोणच्याचा चमचाभर खार जिभेवर घ्यायच्या आणि थोड्या वेळात येऊन झोपायच्या. पोटरी कुठे, जीभ कुठे! यात काही तथ्य आहे का हो?’

आहे, आणि चांगलंच आहे. अमेरिकेतल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठात केव्हिन मिलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली याच्याशी मिळताजुळता प्रयोग प्रसिद्ध केला. व्यायाम करून घाम गाळलेल्या तरुणांच्या पायाच्या नसेला त्यांनी विजेचे हलके झटके दिले आणि अंगठ्याच्या स्नायूत मुद्दाम पेटका आणला. मग त्यांना एकदा साधं पाणी पाजलं, एकदा काकडीच्या लोणच्याचं गाळलेलं आंबट-खारट पाणी. प्रमाण वजनाच्या दर किलोला एक मिलिलिटर, म्हणजे सत्तर किलोच्या माणसाला अर्ध्या कपापेक्षाही कमी. साध्या पाण्यानंतर पेटका सुटायला सरासरी १३४ सेकंद लागले, खारानंतर ८५.

आता खरी गंमत इथे आहे. ८५ सेकंदांत ते पाणी पोटातून पुढे सरकून रक्तात मिसळणं शक्यच नाही. रक्तातले क्षार तपासले तर तेही जवळजवळ जसेच्या तसे. मग पायापर्यंत पोचलं काय? मिलर यांचा तर्क असा, की घशाला तीव्र आंबट चव लागताच तिथल्या मज्जातंतूंकडून एक प्रतिक्षिप्त संदेश जातो. पेटक्यात मज्जारज्जूतल्या पेशी स्नायूला ‘आवळ, आवळ’ असा हुकूम सारखा देत असतात. तो हुकूम या संदेशामुळे शांत होतो. सासूबाई खार जिभेवर घ्यायच्या, तेवढंच पुरत असणार. पुढे २०२२ साली मिशिगनच्या डॉक्टरांनी यकृताच्या जुनाट आजाराच्या रुग्णांना गोळा येताक्षणी लोणच्याच्या पाण्याचा एक घोट घ्यायला सांगितलं, तेव्हा त्यांच्या गोळ्यांची तीव्रता साध्या पाण्याच्या तुलनेत कमी झाली.

एक फरक मात्र ध्यानात ठेवा. तिकडचं लोणचं म्हणजे व्हिनेगर आणि मिठात मुरवलेली काकडी. आपल्या लिंबाच्या खारात आंबटपणा लिंबाचा असतो, आणि कैरीच्या लोणच्यात तर वर तेलाचा तवंग. या दोन्हींवर असा प्रयोग माझ्या वाचनात नाही. माझं मत लिंबाच्या बाजूने आहे, कारण काम चवीच्या तीव्रतेचं आहे. रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी मात्र रोज रात्री बरणी उघडू नये.

‘अंगातलं मीठ कमी पडलं की गोळे येतात’ हेही पुष्कळ जण म्हणतात. ते खरं आहे, पण वेगळ्या माणसांबाबत. ब्रिटनमधल्या कोळशाच्या खाणींत उकाड्यात राबणारे मजूर घामावाटे मीठ घालवत आणि वर नुसतं पाणी पीत. त्यांना येणारे पेटके पाण्यात मीठ घातल्यावर कमी होतात, हे के. एन. मॉस यांनी १९२३ साली मांडलं. उन्हात शेतात राबणाऱ्याला हा नियम लागू पडतो. पंख्याखाली झोपलेल्या आजोबांना रात्री अडीच वाजता येणारा गोळा बहुधा त्यातला नसतो.

त्या गोळ्यावरचा पहिला उपाय स्वयंपाकघरात जाण्याआधीचा आहे. गुडघा सरळ करायचा, पायाची बोटं हाताने धरून नडगीच्या दिशेने ओढायची आणि पोटरी ताणलेली ठेवायची. हात पोचत नसेल तर तळपायाला पंचाचा फास घालून दोन्ही टोकं ओढा, किंवा उठून टाच जमिनीला टेकवून भिंतीवर रेला. स्नायूच्या कंडरेत ताण ओळखणारी बारीक टोकं असतात. ताण वाढला की ती मज्जारज्जूला कळवतात आणि आवळण्याचा हुकूम मागे घेतला जातो. झोपेत पाऊल खाली झुकलेलं असतं, पोटरी आधीच आखडलेली असते. म्हणून झोपण्यापूर्वी दोन-तीन मिनिटं पोटरी आणि मांडीची मागची बाजू ताणून घ्यावी. नेदरलँड्समध्ये २०१२ साली पंचावन्न वर्षांवरच्या माणसांवर हे करून पाहिलं, तेव्हा सहा आठवड्यांत गोळे कमी झाले.

क्विनाइनबद्दलही विचारलं जातं. सिंकोनाच्या सालीतलं हे औषध गोळ्यांवर चालतं, पण क्वचित ते रक्तातल्या प्लेटलेट जिवावर बेतण्याइतक्या खाली आणतं. अमेरिकेत १९९४ साली गोळ्यांसाठी त्याची चिठ्ठीशिवाय विक्री बंद झाली. जुन्या डब्यात उरलेली पाकिटं असतील तर टाकून द्या.

आणि एक सांगणं जरा जोर देऊन. गोळा मिनिटांत सुटतो, मागे फार तर दिवसभर ठणका राहतो. पण एकाच पायाची पोटरी सुजली, गरम लागली, लाल दिसली आणि दुखणं हटेना, तर तिथे ना ताणायचं, ना चोळायचं, ना खार चाटायचा. शिरेत रक्ताची गुठळी झालेली असू शकते. त्याच दिवशी डॉक्टर गाठा.