यंत्रमानव बांधावर थांबेल का?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

पुणे-सोलापूर महामार्गावरच्या आमच्या टेंभुर्णीत ऊस आहे, जवळच उजनीचे पाणी आहे, औद्योगिक वसाहत आहे आणि आता चार गावांप्रमाणे घरोघरी मोबाइलही आहे. संध्याकाळी कुठल्याही घरात डोकावा, पोरगे मोबाइलवर गेम खेळत असते आणि आई 'ठेव तो मोबाइल' म्हणून ओरडत असते. आईचे ओरडणे बहुतेक वेळा योग्यच असते. पण सगळे गेम एका माळेचे मणी नाहीत. काही गेममध्ये गोळीबार नसतो, पळापळ नसते, घड्याळाची घाई नसते. पडद्यावर एक छोटा यंत्रमानव उभा असतो आणि आपण सांगू तेवढेच तो करतो. हे गेम खेळता खेळता मुले प्रोग्रॅमिंग, म्हणजे संगणकाला आज्ञा देण्याची विद्या शिकू लागतात. आज त्यांच्याविषयी बोलायचे आहे.

पडद्यावर चौकटी आखलेली जमीन असते. यंत्रमानवाला एका घरातून निघून ठरलेल्या घरी पोहोचायचे असते, तिथे दिवा लावायचा असतो. आज्ञा मोजक्याच असतात. एक घर पुढे जा, डावीकडे वळ, उजवीकडे वळ, दिवा लाव. नेहमीच्या गेममध्ये बटण दाबले की लगेच नायक उडी मारतो. इथे तसे होत नाही. सगळ्या आज्ञा आधी क्रमाने मांडायच्या आणि मग 'सुरू'चे बटण दाबायचे. एकदा ते दाबले की आपल्या हातात काही राहत नाही. यंत्रमानव पहिल्या आज्ञेपासून शेवटच्या आज्ञेपर्यंत चालत जातो. बरोबर सांगितले असेल तर बरोबर, चुकीचे सांगितले असेल तर चुकीचे. तो समजून घेत नाही आणि रागावतही नाही.

आपल्या रानातले उदाहरण घेऊ. सहा सऱ्यांचा एक तुकडा आहे. प्रत्येक सरी दहा घरांची. यंत्रमानव पहिल्या सरीच्या पश्चिम टोकाला, पूर्वेकडे तोंड करून उभा आहे आणि त्याला सगळ्या सऱ्यांतून फिरवायचे आहे. नऊ घरे पुढे गेला की सरी संपली. मग उजवीकडे वळ, एक घर पुढे, पुन्हा उजवीकडे वळ. आता तो दुसऱ्या सरीत, पश्चिमेकडे तोंड करून उभा आहे. इथून पुन्हा नऊ घरे. यानंतर मात्र बहुतेक मुले फसतात. ती पुन्हा उजवीकडेच वळायला सांगतात आणि यंत्रमानव पहिल्या सरीत परत येतो. तसाच सोडला तर दोनच सऱ्यांत घाण्याच्या बैलासारखा फिरत राहील. या टोकाला डावीकडे वळायला हवे. औत हाकणाऱ्याला हे सांगावे लागत नाही, त्याच्या हातालाच ते ठाऊक असते. यंत्राला मात्र शब्दन्‌ शब्द सांगावा लागतो.

एकेक पाऊल मोजून सहा सऱ्यांच्या आज्ञा लिहिल्या तर त्या ६९ होतात. गेममध्ये एवढी जागाच दिलेली नसते, आणि ती मुद्दाम दिलेली नसते. मग मुलाच्या लक्षात येते की जाण्याची एक सरी आणि येण्याची एक सरी, अशी जोडी तीनदा आली आहे. जोडी एकदाच लिहायची आणि 'हे तीन वेळा कर' म्हणायचे. संगणकाच्या भाषेत याला 'लूप' म्हणतात. ६९ आज्ञांचे काम आठ-दहा ओळींत बसते.

पण इथे एक गंमत होते. जोडीच्या शेवटी पुढच्या सरीत जाण्याची आज्ञा आहे. तिसऱ्या फेरीतही यंत्रमानव ती इमानाने पाळतो. सहावी सरी संपते आणि तो बांध ओलांडून शेजाऱ्याच्या रानात उभा राहतो! बांधावरून आपल्याकडे काय काय होते, हे मी सांगायला नको. आता मुलाला नवी आज्ञा लागते. 'पुढे बांध असेल तर थांब, नसेल तर पुढच्या सरीत जा.' ही झाली अट. क्रम, पुनरावृत्ती आणि अट, या तीन गोष्टी जगातल्या जवळजवळ प्रत्येक आज्ञावलीचा पाया आहेत. ठिबकची झडप ठरल्या वेळी बंद करणारे यंत्र असो की बँकेचे एटीएम, मुळाशी त्याच तीन गोष्टी.

ही कल्पना मोबाइलच्या कितीतरी आधीची आहे. १९६७ साली अमेरिकेत सेमूर पॅपर्ट, वॉली फोयरझाइग आणि सिंथिया सॉलोमन यांनी मुलांसाठी 'लोगो' ही संगणकभाषा तयार केली. पुढे तिच्या जोडीला जमिनीवर चालत रेघा काढणारे यंत्राचे कासव आले आणि नंतर ते पडद्यावर गेले. पॅपर्ट यांचा मुद्दा साधा होता. कासव कुठे वळेल हे कळत नसेल तर मुलाने स्वतः उठून तेवढी पावले चालून पाहावे. समोर तोंड करून उभ्या असलेल्या यंत्रमानवाचा उजवा हात आपल्या डाव्या बाजूला येतो. हे शब्दांत समजावताना पुरेवाट होते, चालून पाहिले की क्षणात कळते.

१९८१ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात रिचर्ड पॅटिस यांनी 'कॅरल' नावाचा यंत्रमानव विद्यार्थ्यांपुढे आणला. 'रोबो' हा शब्द ज्यांच्या नाटकामुळे जगभर गेला, त्या चेक लेखक कारेल चापेक यांच्यावरून हे नाव ठेवले होते. कॅरलला डावीकडे वळता येते, उजवीकडे येत नाही. मग काय करायचे? तीनदा डावीकडे वळायचे! आणि या तीन आज्ञांना मिळून 'उजवीकडे वळ' असे नाव देऊन टाकायचे. पुढे ती एकच आज्ञा वापरायची. लहान तुकड्यांतून मोठे काम उभे करण्याचा हा पहिला धडा. १९८४ मध्ये आलेल्या 'रोबो ओडिसी' या गेममध्ये तर यंत्रमानवाच्या पोटात शिरून तारांची जोडणी करावी लागे. २००८ मध्ये 'लाइटबॉट' हा दिवे लावणारा यंत्रमानव आला आणि नंतर तो मोबाइलवरही पोहोचला.

महाराष्ट्रातही ही वाट अनोळखी नाही. २००७ मध्ये कर्जत तालुक्यातल्या खैराट या छोट्या वस्तीतील शाळेत मुलांच्या हाती हिरवे-पांढरे स्वस्त लॅपटॉप देण्याचा प्रयोग झाला. त्या लॅपटॉपसाठी केलेल्या कार्यक्रमांमध्ये लोगोच्याच घराण्यातले चित्र काढणारे कासव होते. आमच्या माढा तालुक्याचे उदाहरण तर सगळ्यांना माहीत आहे. परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोडची जोड दिली आणि २०२० मध्ये त्यांना 'ग्लोबल टीचर प्राइझ' मिळाले. त्याच वर्षीच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने माध्यमिकपूर्व वर्गांत, म्हणजे सहावी ते आठवीत, कोडिंगचा समावेश सुचवला.

आणि त्याच सुमारास 'आजच कोडिंग शिकवा, नाहीतर मूल मागे पडेल' अशा जाहिरातींचा भडिमार झाला. अनेक पालकांनी धास्तीने पैसे भरले. म्हणून दुसरी बाजूही सांगायला हवी. १९८० च्या दशकात न्यूयॉर्कच्या बँक स्ट्रीट कॉलेजमधील रॉय पी आणि मिडियन कर्लंड यांनी लोगो शिकलेल्या मुलांची पाहणी केली. दुसऱ्या एखाद्या कामाचे नियोजन करताना ही मुले इतरांपेक्षा सरस ठरतात, असे त्यांना दिसले नाही. म्हणजे गेम हाती दिला की बुद्धी आपोआप वाढते, असे नाही. मुले अंदाजाने बटणे दाबूनही पातळ्या पार करतात. शेजारी बसून 'इथे का वळलास?' असे विचारणारे कोणी हवे.

ते काम करायला इंग्रजी लागत नाही, संगणकाची पदवीही लागत नाही. मी गणिताचा निवृत्त शिक्षक. उन्हाळ्याच्या सुट्टीत गल्लीतली पाच-सहा मुले ओट्यावर जमतात तेव्हा माझा एकच नियम असतो. आज्ञा आधी पाटीवर लिहायच्या, मोबाइल नंतर. वीज गेली किंवा मोबाइल रानात वडिलांबरोबर गेला, तरी अडत नाही. अंगणात खडूने चौकटी आखायच्या. एकाने यंत्रमानव व्हायचे, दुसऱ्याने चिठ्ठीवर आज्ञा लिहायच्या. चिठ्ठीत नसलेले एकही पाऊल टाकायचे नाही. तुळशी वृंदावनावर धडकण्याची वेळ आली की सगळे हसतात आणि चिठ्ठी पुन्हा वाचतात.

मला यातले मोल दिसते ते इथे. आपल्या मुलांच्या वहीत चूक म्हणजे लाल फुली. ती पडली की प्रश्न संपला, मूल गप्प झाले. मराठी शाळेतले मूल पुढे इंग्रजीच्या भीतीने आणखी गप्प होते. बाण दाखवणाऱ्या या आज्ञांना मात्र भाषेची अडचण नाही, आणि इथे चूक झाली की काम सुरू होते. कितव्या आज्ञेला बिघडले, हे एकेक पाऊल मागे जाऊन शोधायचे. कामाचे प्रोग्रॅमर दिवसातला बराच वेळ हेच करत असतात.

उसाच्या फडात आता तोडणीयंत्रे दिसू लागली आहेत, फवारणीला ड्रोन येत आहेत. ही यंत्रे आपल्या मुलांच्या आयुष्यात असणारच. ती फक्त त्यांच्याकडे बघत राहणार, की 'याला बांध कसा कळतो?' असे विचारणार, एवढाच प्रश्न आहे. तेव्हा आज मूल मोबाइल घेऊन बसले, तर हिसकावण्याआधी एकदा शेजारी बसून पाहा. पडद्यावर यंत्रमानव उभा असेल, तर पाटी आणि पेन्सिल आणून द्या.